घरातली जुनी वस्तू संग्रहालयाला देताना : तुमचे अनुभव

आमच्या माळ्यावर मोडी लिपीतल्या कागदांचे तीन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, होते. आजोबांनंतर ते कुणी सोडलेच नव्हते. दोन वर्षांपूर्वी ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात दिले. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून अशीच दप्तरं मिळवली आणि १९१० मध्ये मंडळ उभं केलं, एवढं शाळेत वाचलेलं होतं. तरी रुमाल हातातून जाताना पोटात खड्डा पडला. काका तर महिनाभर बोलले नाहीत.

मोडी जाणणाऱ्या एका बाईंनी त्यातला एक कागद वाचून दाखवला. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’, म्हणजे सुहूर सन (मराठेशाहीतल्या कागदांवरची कालगणना) ११७२. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७१ येतं. आम्ही ज्याला सनद समजून पूजत होतो, तो कागद मामुली निघाला. खरा मोलाचा होता तो विहिरीच्या पाण्याच्या वाटणीचा तंटा! त्या दोन घराण्यांची आडनावं आजही आमच्या आळीत आहेत. काकांना त्याची छायाप्रत नेऊन दिली, तेव्हा कुठे ते बोलले.

तुम्ही काय दिलंत? कसं दिलंत? लिहा.

*

आमचं किराण्याचं दुकान होतं. पायली, आठवा, शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं असा मापांचा पूर्ण संच. दशमान वजनमापं आल्यावर पणजोबांनी तो पोत्यात बांधून ठेवलेला. जवळच्या एका छोट्या संग्रहालयाला मोठ्या हौसेने दिला. पावती मागायला संकोच वाटला, दान देऊन पावती काय मागायची! चार वर्षांनी मुलीला दाखवायला गेलो तर कोळवं आणि निळवं नव्हतंच. नोंदवहीत लिहिलेलं ‘जुनी मापे, १ पोते’. आता कुणाला विचारू? कृपा करून दानपत्र करा, एकेक नग लिहा, फोटो जोडा, आवक क्रमांक घेऊनच उठा. मला अजून त्याची टोचणी आहे.

*

मी केलेली चूक कुणी करू नका. आजेसासूबाईंचं तांब्याचं घंगाळ द्यायचं म्हणून चिंच-मीठ लावून लख्ख घासलं. तिथल्या ताईंनी ते उजेडात फिरवून पाहिलं आणि हळहळल्या. काठावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव होतं, त्यातली शेवटची अक्षरं पार बोथट झाली होती. काळपटपणा तसाच राहू द्यायचा असतो. कागदालाही चिकटपट्टी लावायची नाही, प्लास्टिकमध्ये बंद करायचं नाही.

घंगाळ संग्रहालयात कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुण्याचं केळकर संग्रहालय पाहावं. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी जन्मभर जमवली, लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं आणि १९७५ मध्ये सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. तिथे उभी राहिले की माझ्या घंगाळाची मला लाज वाटत नाही.

*

शेतात नांगरताना नाणी सापडली तर ती आपली म्हणून परस्पर दान करता येत नाहीत. १८७८ चा कायदा आहे. आम्ही तलाठ्यामार्फत कळवलं, रीतसर पंचनामा झाला. आणि भावाला पणजोबांची शंभर वर्षांहून जुनी पितळी मूर्ती अमेरिकेला न्यायची होती, तीही १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे नेता येत नाही. मूर्ती इथेच दिली.

*

आम्ही जातं दिलं. नेमकं सांगायचं तर आईने दिलं, वय ८१. घ्यायला आलेल्या मुलाने विचारलं, “आजी, यावर कोण दळायचं?” आई खाली बसली, खुंटा धरला आणि चार ओव्या म्हटल्या. आम्ही भावंडांनी त्या कधीच ऐकल्या नव्हत्या. त्याने फोनवर रेकॉर्ड करून घेतल्या. खुंट्याची एक बाजू जास्त झिजलेली का, तेही आईने सांगितलं: समोर बसणारी तिची नणंद डावखुरी होती.

पाटीवर काय लिहू, असं त्याने विचारलं. आई म्हणाली, “आधी वन्संचं नाव घाल, मग माझं.”