मदत हवी आहे: जुनी एमएक्स-५ ट्रॅकसाठी तयार करतेय, आधी इंजिन उघडू की पत्रा करू?

नमस्कार मंडळी,

गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची, १९९२ची, १.६ लिटर. बरीच वर्षं एका जागी उभी होती. मला ती फक्त ट्रॅकवर चालवायची आहे, त्यामुळे एसी, म्युझिक, आतले गालिचे ह्यांची चिंता नाही. गाडी चालू होते आहे. सगळी कामं एकदम होणार नाहीत, म्हणून क्रम ठरवायचा आहे आणि नेमकी तिथेच अडले आहे.

आधी आतापर्यंत झालेलं काम सांगते. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं, इंजिन पान्याने हाताने फिरवलं आणि ते कुठेही अडत नाही हे बघूनच सेल्फ मारला. टाकीतलं जुनं पेट्रोल उपसून काढलं, फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवे टाकले. टायमिंग बेल्ट कधी बदललाय ह्याची नोंद नव्हती, म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप नवे बसवले. ह्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, हे ठाऊक आहे. पण वेगात असताना गाडी अचानक बंद पडली तर मागून येणाऱ्याच्या जिवाला धोका, म्हणून तिथे वाट बघितली नाही.

आता अडचण.

कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते, थंड इंजिनावर तपासलं. पहिला सिलिंडर १७४, दुसरा १७०, तिसरा १७२ आणि चौथा १४६ पीएसआय. चौथ्यात चमचाभर तेल घालून पुन्हा पाहिलं तर तो १६५च्या आसपास गेला. म्हणजे व्हॉल्व्हपेक्षा पिस्टनभोवतीच्या रिंगांवर संशय जातो. थंड असताना टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) वाजतात, गरम झाल्यावर आवाज बराच कमी होतो. सुरू करताना थोडा निळसर धूर येतो, नंतर नाही. कूलंट कमी होत नाही, तेलात पाणी नाही.

दुसरीकडे पत्रा. दाराखालच्या सिलचा मागचा भाग, म्हणजे मागच्या चाकाच्या अगदी पुढे, एका बाजूला स्क्रूड्रायव्हर टोचला की आत जातो. दुसऱ्या बाजूला रंग छान दिसतो, पण तिथे लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे खाली पुट्टी भरलेली आहे. छताचं पाणी खाली सोडणाऱ्या नळ्या दोन्हीकडे पानांनी आणि मातीने गच्च भरल्या होत्या. त्या मोकळ्या केल्या, पण इतकी वर्षं पाणी सिलच्या आत साचून राहिलंय हे उघड आहे.

ब्रेकमध्ये मागचं डावं कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जाम आहे, ब्रेकचं तेल काळं झालंय, होज पाइप मूळचेच दिसतात. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी तपकिरी पडली आहे.

मला मदत करणारे मेकॅनिक अनुभवी आहेत आणि त्यांचं म्हणणं आहे की इंजिन आत्ताच उतरवून पूर्ण बांधून घ्यावं, नाहीतर पुढे तेच काम दुप्पट होईल. माझा कल पत्र्याकडे आहे. ह्या गाडीत ताकद मुळातच ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास. तिची खरी गंमत साधारण ९५० किलो वजनात आणि चारी चाकांच्या डबल विशबोन सस्पेन्शनमध्ये आहे. वळणात गाडीने काय केलं ते बसल्या जागी कळावं, ह्यासाठीच मी ही गाडी शोधत होते. चार हॉर्सपॉवर कमी मिळाले तरी चालतील, बॉडी लवचीक झालेली चालणार नाही. पण चौथा सिलिंडर मला स्वस्थ बसू देत नाही.

तर प्रश्न असा: हे इंजिन आहे तसं ट्रॅकवर नेणं शहाणपणाचं आहे का? आणि नसेल तर ते कसं ओळखायचं?

—

प्रतिसाद

ताई, चार आकड्यांवरून इंजिन उतरवू नका. तुमची चाचणी थंड इंजिनावर झाली आहे आणि गाडी वर्षानुवर्षं उभी होती. अशा इंजिनात रिंगा खाचेत चिकटून बसतात, सिलिंडरच्या भिंतीवर हलका गंज धरतो. चालवल्यावर त्या कधीकधी सुटतात, कधी सुटत नाहीत. आधी संधी द्या.

ताजं ऑइल आणि फिल्टर टाका, इंजिन पूर्ण गरम करा, बंद आवारात मध्यम आरपीएमवर थोडं थोडं चालवा आणि मग पुन्हा मोजा. मोजताना चारही प्लग बाहेर हवेत, इंजेक्टर आणि इग्निशन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. ह्यातलं एक जरी सुटलं तरी आकडे फसवतात. चौथा सिलिंडर शेवटी मोजत असाल तर एकदा तो पहिला मोजा, कारण तोवर बॅटरी थकलेली असते.

त्याहून उपयोगी म्हणजे लीक-डाउन चाचणी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते गेजवर बघायचं. इंजिन फिरू नये म्हणून क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला) पाना लावून कुणीतरी घट्ट धरायला हवं. मग कान लावा. हवेचा आवाज इनटेकमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेंसरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. थोडी हवा रिंगांमधून प्रत्येक इंजिनात जातेच. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं.

टॅपेटच्या आवाजाने घाबरू नका. १.६मध्ये हायड्रॉलिक टॅपेट आहेत, उभ्या गाडीत ते रिकामे होतात. ताज्या ऑइलने आवाज बहुतेक वेळा कमी होतो.

आणखी एक. पुढची क्रँक पुली बघितलीत का? १९९० आणि १९९१च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं. बोल्ट सैल राहिला तर तिथली चावी आणि खाच झिजतात आणि क्रँकच बाद होतो. पुलीवर चार खाचा असतील तर जुना क्रँक, आठ असतील तर सुधारलेला. तुमची १९९२ची आहे, पण इंजिन कधी बदललेलं असेल तर सांगता येत नाही.

—

प्रश्नकर्ती

खूप आभार. बेल्ट बदलताना पुली हातात होती, आठ खाचांचीच आहे. लीक-डाउनचा गेज मिळतोय, करून इथेच कळवते.

—

प्रतिसाद

मी पत्र्याचं काम करतो, त्यामुळे माझं मत एकाच बाजूला झुकलेलं वाटेल, तरी लिहितो.

ह्या गाडीला डोक्यावर पत्र्याचं छप्पर नाही. बंद गाडीत जो ताण छप्पर घेतं, तो इथे दोन सिल आणि मधला बोगदा घेतात. सिल सडला म्हणजे बॉडीचा कणा गेला. वरून दिसतं त्यापेक्षा आत जास्त खाल्लेलं असतं, कारण सिलला आत आणखी पत्र्याचे थर आहेत आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर पैशाएवढं भोक दिसलं तर आत वीतभर पत्रा गेलेला सापडतो. म्हणून वरून ठिगळ मारू नका. बाहेरचा पत्रा कापा, आतला उघडा करा, ठणठणीत पत्रा लागेपर्यंत मागे जा आणि तिथून नवा तुकडा जोडा. पुट्टी असलेली बाजू आधी उघडा, ती जास्त वाईट निघेल.

आता रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची पोलादी कमान. उघड्या गाडीतून रोल बारशिवाय ट्रॅकवर जाऊ नका, कुणी परवानगी दिली तरी नाही. कारखान्याचं हार्डटॉप उलटण्यापासून वाचवत नाही. ह्या गाडीचा बोल्टवाला बार सीटच्या मागच्या पत्र्याला धरतो. तो पत्रा आणि त्याच्याजवळचा सिल कुजलेला असेल तर बार कितीही मजबूत असो, त्याचा पाया भुसभुशीत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं: पत्रा आधी, मग बार, मग बाकीचं.

बार बसला की हेल्मेट घालून, पट्टा बांधून सीटवर बसा आणि कुणाला तरी बारच्या माथ्यावरून विंडशील्डच्या वरच्या कडेपर्यंत सरळ काठी धरायला सांगा. हेल्मेट काठीच्या खाली राहायला हवं. नाही राहिलं तर सीट खाली घ्या, सीटमधला फोम कमी करा, पण ते सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका. जिथे डोकं बारला लागू शकतं तिथे कडक, शर्यतीचं पॅडिंग हवं. पाइपला लावायचा मऊ स्पंज काही कामाचा नाही.

चार किंवा सहा पॉइंटचा पट्टा बारशिवाय लावू नका. तो माणसाला ताठ बांधून ठेवतो आणि गाडी उलटली तर डोकं हाच सगळ्यात उंच भाग होतो. बार नसेल तोवर मूळचा तीन पॉइंटचा पट्टाच बरा. आणि हेल्मेटवर स्नेल ह्या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा एसए शिक्का बघा. एम शिक्का मोटारसायकलच्या हेल्मेटचा, त्यात आगीला टिकण्याची चाचणी नसते.

—

प्रतिसाद

थोडक्यात लिहितो. ब्रेक आणि थंडावा ह्या दोन गोष्टी इंजिनाच्या आधी.

डॉट ४ दर्जाच्या ब्रेकच्या तेलाचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५ अंश. तुमचं काळं तेल ह्यातल्या दुसऱ्या आकड्याच्याही खाली असेल. तेल उकळलं की पेडल थेट जमिनीला जातं. चारही कॅलिपर खोला, त्यांचे रबरी सील बदला, होज पाइप नवे टाका, ट्रॅकचे पॅड घ्या आणि शर्यतीचं ग्लायकॉल तेल भरा. डॉट ५ मात्र नको, ते सिलिकॉनचं असतं, जुन्या तेलात मिसळत नाही. मोठ्या डिस्क नंतर बघू. मूळच्या डिस्क ह्या वजनाला सुरुवातीला पुरतात.

तपकिरी पडलेली रेडिएटरची टाकी ठिसूळ झालेली असते, ती ट्रॅकवर फुटणारच. नवा रेडिएटर घ्या. नाकाखालचा प्लास्टिकचा ट्रे आहे का बघा. लोक तो काढून टाकतात आणि मग गाडी का तापते म्हणून विचारतात. ट्रे नसला की हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी खालून निसटते.

तुमचा चौथा सिलिंडरच कमी येतोय ह्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. हे इंजिन घराणं मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत आडवं बसायचं आणि पाणी हेडच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. इथे ते उभं बसवताना थर्मोस्टॅट (गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) पुढे आला. पाणी पुढून आत, पुढूनच बाहेर, त्यामुळे मागच्या सिलिंडरांना थंड पाणी कमी पोचतं. ट्रॅकवाले म्हणूनच पाण्याची वाट बदलून ते हेडच्या मागून काढतात. आत्ताच करा असं नाही, पण इंजिन कधी उतरलंच तर तेव्हा नक्की करा. तोवर आकडा दाखवणारा तापमानाचा गेज बसवा.

पुढच्या हबचे बेअरिंगही बघा. चाक वर-खाली धरून हलवा, जरा जरी खेळ लागला तरी हब बदला.

—

प्रश्नकर्ती

कळवायचं राहिलं होतं ते लिहिते. ऑइल बदलून, इंजिन आवारात नीट गरम करून पुन्हा मोजलं. चौथा आता १५८वर आला, बाकीचे तिघे १७५ ते १७८. लीक-डाउनमध्ये पहिले तीन १० टक्क्यांच्या आत आणि चौथा १६ टक्के. आवाज ऑइलच्या झाकणातून येतो, व्हॉल्व्हकडून काही नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत.

मेकॅनिक काकांना हे आकडे दाखवले. त्यांचं म्हणणं असं की रिंगा थकल्या आहेत, पण इंजिन धोकादायक नाही. ऑइल दर फेरीनंतर तपासायचं आणि पातळी वरच्या खुणेवरच ठेवायची, कारण लांब वळणात ऑइल पंपाच्या तोंडापासून दूर सरकतं. सिल आधी करायला तेही आता तयार आहेत. पुट्टीवाली बाजू उघडली. आतला पत्रा हाताने मोडतो आहे.

पत्र्याचं काम करणाऱ्या दादांना विचारायचं आहे: दोन्ही सिल एकाच वेळी कापू का? आणि कापण्याआधी इंजिन-गिअरबॉक्स उतरवलेलं बरं की आत असलेलं?

—

प्रतिसाद

एकाच वेळी मुळीच नाही. एक बाजू पूर्ण जोडून, थंड होऊ देऊन मगच दुसरी. कापण्याआधी दाराच्या चौकटीत पुढच्या बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत आडवी नळी बोल्टने किंवा वेल्डने पक्की करा. दार लावून चारी बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवा आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा मोजा. फट बदलली तर तिथेच थांबा.

इंजिन आत राहू द्या. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल ह्यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब चौकट उगाच सोडवायला नको, परत लावताना तिचा कोन नीट जुळवावा लागतो. गाडी मात्र चाकांवर उभी असताना कापा, किंवा स्टँड सस्पेन्शनच्या जोडांखाली लावा, म्हणजे वजन नेहमीच्या जागीच पडेल. सिलखाली जॅक लावायचा नाही.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा (ह्या गाडीत ती डिकीत असते), ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) प्लग सोडवा, सीट आणि फोम बाहेर. पेट्रोलची टाकी सीटच्या मागेच आहे, त्यामुळे ती रिकामी करून उतरवूनच ठेवा, अर्धी भरलेली किंवा नुसती उपसलेली टाकी जागेवर ठेवून ठिणगी पाडू नका. आग विझवायचं नळकांडं हाताशी आणि एक माणूस फक्त बघायला. काम झाल्यावर सिलच्या आत मेणाचा फवारा मारा आणि पाण्याच्या नळ्यांची तोंडं उघडी आहेत ना, ते पाणी ओतून बघा.

आतल्या थराचे फोटो टाका, कुठून कापायचं ते खूण करून देतो.