मदत हवी आहे: ११-१-३ एकदा नामंजूर, एकदा मंजूर. यूएनची मतमोजणी नेमकी चालते कशी?

दौत_टाक

नमस्कार मंडळी. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांवर मराठीत टिपणं करायला घेतली आहेत आणि पहिल्याच पायरीवर अडलोय. उदाहरण युक्रेनचं घेतलंय.

२५ फेब्रुवारी २०२२ ला सुरक्षा परिषदेत ११ मतं बाजूने, १ विरोधात, ३ तटस्थ. ठराव पडला. २७ फेब्रुवारीला तीच परिषद, तेच १५ देश, पुन्हा ११-१-३. ठराव मंजूर! मतंसुद्धा बदललेली नाहीत. दोन्ही वेळा विरोधात रशिया, आणि तटस्थ भारत, चीन व संयुक्त अरब अमिराती.

दुसरा घोळ आमसभेचा. ७ एप्रिल २०२२ ला रशियाला मानवी हक्क परिषदेतून निलंबित केलं तेव्हा बाजूने फक्त ९३ मतं होती. १९३ देशांत ९३ म्हणजे निम्मीही भरत नाहीत, आणि जिकडेतिकडे लिहिलंय 'दोन तृतीयांश बहुमताने मंजूर'.

तिसरं म्हणजे हे मूळ कागदावर कुठे तपासायचं? बातम्यांचे दुवे नकोत.

सनदवाचक

पहिल्याचं उत्तर यूएनच्या सनदेच्या (तिच्या मूळ घटनेच्या) कलम २७ मध्ये आहे. त्यात मतदानाचे दोन प्रकार आहेत. कामकाजाच्या पद्धतीविषयीचा प्रश्न असेल तर १५ पैकी कोणतीही ९ मतं पुरतात. बाकी सगळ्या विषयांना ९ मतं लागतातच, शिवाय पाच स्थायी सदस्यांपैकी (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) कुणाचंही विरोधी मत असून चालत नाही. व्हेटो म्हणतात तो एवढाच. सनदेत 'व्हेटो' हा शब्द एकदाही आलेला नाही.

२५ तारखेचा मसुदा रशियाच्या कृतीचा निषेध करणारा, सैन्य मागे घ्या म्हणणारा होता. म्हणजे आशयाचा विषय. एक विरोधी मत, तेही स्थायी सदस्याचं, तिथेच संपलं. २७ ला परिषदेने युक्रेनबद्दल काहीच ठरवलं नाही. 'आमसभेचं आणीबाणीचं विशेष अधिवेशन बोलवा' एवढंच ठरवलं. हा कामकाजाचा प्रश्न, तिथे रशियाचं मत पंधरातलं एक. तोच ठराव २६२३.

हा रस्ता १९५० च्या ३ नोव्हेंबरचा, आमसभेचा ठराव ३७७. स्थायी सदस्यांच्या बेबनावामुळे परिषद अडून बसली तर विषय आमसभेकडे नेता येतो. परिषदेने स्वतः असं अधिवेशन बोलावण्याची वेळ १९८२ नंतर थेट २०२२ मध्ये आली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये परिषदेचं अध्यक्षपदही रशियाकडेच होतं. ते इंग्रजी वर्णक्रमाने दर महिन्याला फिरतं. त्याने सभेचं वेळापत्रक हातात येतं, जादा मत मिळत नाही.

टिंबटिंब

पण वादात जो देश स्वतः पक्षकार आहे त्याने मत द्यायचं नाही, असंही सनदेत आहे ना? मग रशियाचं मत धरलंच कसं?

सनदवाचक

आहे, त्याच २७ व्या कलमाच्या शेवटी. पण ते बंधन फक्त प्रकरण ६ खालच्या निर्णयांना (वाद शांततेने मिटवणं) आणि कलम ५२ च्या तिसऱ्या परिच्छेदाला (प्रादेशिक संघटनांमार्फत वाद मिटवणं) लागू आहे. प्रत्यक्षात त्या वाक्याचा आधार क्वचितच घेतला जातो. तोंडी परीक्षेत विचारायला बरं, सभागृहात फारसं चालत नाही.

एक अजून. कलमाची भाषा शब्दशः घेतली तर पाचही स्थायी सदस्यांची 'सहमतीची मतं' हवीत, म्हणजे चीन तटस्थ राहिला तरी ठराव पडायला हवा. तसं होत नाही. सुरुवातीच्या वर्षांतच प्रथा पडली की तटस्थ म्हणजे व्हेटो नव्हे, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ च्या नामिबियाविषयीच्या सल्लागार मतात ती उचलून धरली. सनदेचा मजकूर आणि चालू वहिवाट यांत फरक पडतो, तो असा. नुसती सनद वाचून टिपणं केलीत तर इथे हमखास चुकाल.

बेरीज_वजाबाकी

आता ९३ चं. नियम आहे 'हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश'. आमसभेच्या कार्यपद्धतीचा नियम ८६ सांगतो की मत देणारे म्हणजे हो किंवा नाही म्हणणारे. तटस्थ राहिलेला देश मत न देणारा धरतात.

त्या दिवशी बाजूने ९३, विरोधात २४, तटस्थ ५८. छेदात ९३ + २४ = ११७. त्याचे दोन तृतीयांश ७८. पडली ९३, म्हणजे सुखाने पास. तटस्थ धरले असते तर छेद १७५ झाला असता, ११७ लागली असती आणि ठराव आपटला असता. तटस्थ राहणाऱ्याने छेद लहान केला, एवढंच त्याचं गणितातलं काम. भारतही त्या ५८ मध्ये होता.

मानवी हक्क परिषदेतून निलंबनाला हेच बहुमत लागतं, हे परिषद स्थापन करणाऱ्या २००६ च्या ठराव ६०/२५१ मध्येच लिहिलेलं आहे. त्याच परिषदेवर *निवडून* यायला मात्र वेगळा हिशेब: एकूण सदस्यसंख्येचं साधं बहुमत, म्हणजे ९७ मतं, गुप्त मतदानाने. सनदेत दुरुस्ती करायची तर कलम १०८ प्रमाणे सगळ्या सदस्यांच्या दोन तृतीयांश, म्हणजे १२९. तिथे तटस्थ राहणं हे विरोधात जाण्यासारखंच. सुरक्षा परिषदेची निवडणूक पुन्हा 'हजर आणि मत देणारे' पद्धतीने. जून २०२० मध्ये भारताला १९२ पैकी १८४ मतं पडली, लागत होती १२८. प्रत्येक आकड्याशेजारी छेद कोणता ते लिहा, निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

टिंबटिंब

म्हणजे तटस्थ काय आणि गैरहजर काय, एकच झालं की.

बेरीज_वजाबाकी

बेरजेत एकच, नोंदीत नाही. आमसभेच्या फलकावर हिरवा म्हणजे बाजूने, लाल म्हणजे विरोधात, पिवळा म्हणजे तटस्थ. ज्याने बटणच दाबलं नाही त्याच्यापुढे काहीच नाही. आणि रिकाम्या जागेचीही कारणं वेगवेगळी. कलम १९ प्रमाणे दोन वर्षांच्या वर्गणीइतकी किंवा त्याहून जास्त थकबाकी साठली की आमसभेतलं मत जातं. त्याच आणीबाणीच्या अधिवेशनात २ मार्च २०२२ ला, रशियाने सैन्य मागे घ्यावं या ठरावावर मतदान झालं; त्या यादीत व्हेनेझुएलापुढे काही नाही, ते यामुळे. तो देश रशियाच्या बाजूचा, पण थकबाकीपायी मत देताच येत नव्हतं. 'व्हेनेझुएलाने मतदानाला पाठ फिरवली' असं लिहिलंत तर चूक.

कागदी_घोडा

कागद शोधायचं सांगतो. प्रत्येक दस्तऐवजाच्या उजव्या कोपऱ्यात वर एक खूण असते, ती वाचता आली की ९० टक्के काम झालं. खुणा इथे देवनागरीत लिहितोय, शोधताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाका.

सुरुवातीचं अक्षर संस्थेचं: 'ए' म्हणजे आमसभा, 'एस' म्हणजे सुरक्षा परिषद. तुमच्या उदाहरणात २५ तारखेचा पडलेला मसुदा एस/२०२२/१५५. तो कायम तेवढाच राहिला, पडलेल्या मसुद्याला ठराव क्रमांक मिळत नाही. २७ चा झाला एस/आरईएस/२६२३ (२०२२). मधलं 'आरईएस' दिसलं की मंजूर झालेला ठराव समजा. परिषदेचे क्रमांक १९४६ पासून सलग चालतात. आमसभेचे अधिवेशनागणिक नव्याने सुरू होतात, म्हणून ए/आरईएस/६९/१३१ म्हणजे ६९ व्या अधिवेशनातला १३१ वा. आणीबाणीच्या विशेष अधिवेशनाला 'ईएस': ए/आरईएस/ईएस-११/१ हा २ मार्च २०२२ चा. १९७६ च्या आधीचे आमसभेचे ठराव सलग क्रमांकाचे आणि कंसात रोमन आकड्यात अधिवेशन, हे लक्षात नसेल तर जुनं काही सापडत नाही.

'एल' म्हणजे मर्यादित वाटपाचा कागद, बहुतेक वेळा मसुदा. 'सी.३' म्हणजे तिसरी समिती (सामाजिक, मानवतावादी, सांस्कृतिक). शेवटी 'रेव्ह.१' असेल तर सुधारित मसुदा, मग आधीचा वापरू नका. 'कॉर' म्हणजे शुद्धिपत्र.

सर्वात मोलाचा कागद 'पीव्ही': सभेचं शब्दशः इतिवृत्त. २५ फेब्रुवारीचं एस/पीव्ही.८९७९, २७ चं ८९८०. कोण का तटस्थ राहिलं याचं त्या त्या देशाने दिलेलं स्पष्टीकरण तिथेच मिळतं. अनडॉक्स डॉट ऑर्ग लिहून तिरकी रेघ आणि खूण टाकली की कागद उघडतो. कुणी काय मत दिलं याचा देशवार तक्ता हवा तर यूएनच्या डिजिटल लायब्ररीत मतदानाचा वेगळा विभाग आहे.

दोन ठिकाणी लोक फसतात. एक, यूएनच्या संकेतस्थळावरचं सभेचं प्रसिद्धीपत्रक हे इतिवृत्त नव्हे. त्यावरच लिहिलेलं असतं की ही अधिकृत नोंद नाही. दोन, आमसभेच्या इतिवृत्तातली तळटीप. चुकीचं बटण दाबलं गेलं की देश नंतर सचिवालयाला कळवतो, 'आमचा हेतू बाजूने मत देण्याचा होता'. ते तळटिपेत छापतात, पण बेरीज बदलत नाहीत. मग एखाद्या देशाचं परराष्ट्र खातं एक सांगतं आणि तक्ता दुसरं, आणि दोघंही खरं बोलत असतात.

शब्दखूण

मराठीत लिहिताय म्हणून भाषेचं. 'मतदानाविना मंजूर' याचं भाषांतर वर्तमानपत्रं सर्रास 'एकमताने' करतात. एकमत म्हणजे मतदान झालं आणि सगळी मतं बाजूने पडली. मतदानाविना म्हणजे कुणी मतदान मागितलंच नाही. त्याला 'सहमतीने' म्हणा. सहमतीत सामील होऊनही अमुक परिच्छेद मान्य नाही असं देश सांगतात, आणि तेही नोंदलं जातं.

ठरावातलं क्रियापद जपून उतरवा. 'नोंद घेते' म्हणजे मंजुरी नाही आणि नापसंतीही नाही, हे आमसभेने निर्णय ५५/४८८ मध्ये स्पष्ट करून ठेवलंय. 'आवाहन करते' आणि 'ठरवते' यांत तर जमीन-अस्मानाचा फरक. सुरक्षा परिषदेचे निर्णय कलम २५ प्रमाणे सर्व सदस्यांवर बंधनकारक. आमसभेचे ठराव, अंदाजपत्रक किंवा घरातली व्यवस्था सोडली तर, शिफारशी. 'आमसभेने रशियाला सैन्य हटवायला भाग पाडलं' असं वाक्य म्हणून होऊच शकत नाही.

आणि 'यूएनने म्हटलंय' हे लिहायचंच नाही. कुणी म्हटलंय? सरचिटणीसांच्या प्रवक्त्याने, आमसभेच्या अध्यक्षांनी, की एखाद्या विशेष प्रतिवेदकाने (ठरावीक देशावर किंवा विषयावर अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाने)? हे प्रतिवेदक मानवी हक्क परिषद नेमते, पण ते यूएनचे कर्मचारी नसतात, पगार घेत नाहीत, स्वतःच्या नावाने बोलतात. त्यांचं मत यूएनचं मत म्हणून छापणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक.

दौत_टाक

सगळ्यांचे आभार, चांगलंच डोक्यात शिरलं. एकच उरलं. मसुदा सभागृहात येण्याआधी काय होतं? उदाहरणार्थ, आंतरराष्ट्रीय योगदिनाचा ठराव (वरचा ६९/१३१) तीन महिन्यांच्या आत कसा झाला?

सनदवाचक

कारण खरं काम सभागृहाबाहेर होतं, आणि तिथे विरोधक नव्हता. प्रस्तावक देश कच्चा मसुदा फिरवतो. अनौपचारिक बैठकांत ओळीओळीवर घासाघीस होते, न पटलेले शब्द चौकटी कंसात जातात. गाडी अडली की आधीच्या एखाद्या ठरावातलं, सगळ्यांनी पूर्वी मान्य केलेलं वाक्य जसंच्या तसं उचलतात. म्हणून ठराव वाचताना वर्षानुवर्षं तेच ते वाचल्यासारखं वाटतं. शेवटी बऱ्याचदा 'मौन पद्धत': अमुक वाजेपर्यंत कुणी लेखी हरकत घेतली नाही तर मजकूर मान्य. एकानेही मौन मोडलं की पुन्हा टेबलावर.

मसुदा टांगायला कार्यक्रमपत्रिकेतली खुंटी लागते. योगदिनाचा मसुदा ए/६९/एल.१७ 'जागतिक आरोग्य आणि परराष्ट्र धोरण' या विषयाखाली टांगला होता. त्यामुळे समितीत न जाता थेट पूर्ण सभेत आला. पंतप्रधान मोदींनी २७ सप्टेंबर २०१४ च्या आमसभेतल्या भाषणात कल्पना मांडली, ११ डिसेंबरला मतदानाविना मंजूर. सहप्रस्तावक पावणेदोनशेच्या आसपास.

पैशाची अडचणही आधीच काढून टाकली होती. ठरावाने यूएनचा खर्च वाढणार असेल तर नियम १५३ प्रमाणे सरचिटणीसांनी खर्चाचा अंदाज द्यावा लागतो आणि पाचव्या समितीने (आमसभेची अंदाजपत्रक बघणारी समिती) तो पाहावा लागतो. तिथे कागद आठवडेच्या आठवडे पडून राहतात. योगदिनाच्या ठरावात सरळ लिहिलंय की खर्च ऐच्छिक देणग्यांतून भागवावा. 'आंतरराष्ट्रीय दिवस' जाहीर करणाऱ्या ठरावांत हे वाक्य शोधून बघा, बहुतेक ठिकाणी सापडेल.

दौत_टाक

मस्त. २ मार्चचा तक्ता केलाय, बघा बरं: बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. छेद १४६, लागत होती ९८. भारत तटस्थ. बरोबर?

बेरीज_वजाबाकी

९८ बरोबर, १४६ चे दोन तृतीयांश ९७.३३, म्हणून वरचा पूर्णांक. पण तुमच्या रकान्यांची बेरीज १८१ येते. 'मत नोंदवलं नाही' असा चौथा रकाना घाला, त्यात १२. व्हेनेझुएला तिथे जाईल, तटस्थमध्ये नाही.