खालच्या पट्ट्यातलं तण बदललंय, माती बिघडल्याची खूण का?

कोरडवाहू_मन:
नमस्कार मंडळी. शेताच्या खालच्या अंगाला नाल्याचं पाणी घेतो, त्यात वस्तीचं आणि एका कारखान्याचं सांडपाणी येतं. पाच-सहा वर्षांपूर्वी तिथं खुरपायला बसलं की केना, दुधी, कुर्डू, माठ, रानमूग, दहा-बारा जातीचं तण निघायचं. आता हरळी, लव्हाळा आणि घोळ, बस्स. वरच्या तुकड्याला विहिरीचं पाणी आहे, तिथं जुनं सगळं जसंच्या तसं. तण कमी झालं म्हणून खूश व्हावं का घाबरावं तेच कळेना.

बांधकरी:
फवारणी सांगा आधी. हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याचे गड्डे जमिनीत राहतात, वरचं जळालं तरी परत फुटतात, बियांवर जगणारं बाकीचं तण मरतं. प्रदूषण-बिदूषण नंतर बघू.

कोरडवाहू_मन:
दोन्हीकडे एकच पंप, एकच औषध, पीक पण तेच. फरक फक्त पाण्याचा.

माती_वेडी:
मग फवारणीवर ढकलता येणार नाही. मला तर हे मीठ वाटतंय. खारटपणात सगळ्यात नाजूक वेळ म्हणजे बी रुजायची, बाहेरच्या पाण्यात क्षार जास्त झाले की बियाला पाणी ओढताच येत नाही. हरळी-लव्हाळ्याला बियाची गरजच नाही आणि घोळ मूळचीच क्षार सोसणारी, म्हणजे तुमचे तिन्ही राहिलेले गडी एकाच कारणाने टिकलेले दिसतात. सोडियम वाढला असेल तर वर कडक पापुद्रा पण धरतो, बारीक बी त्यातून वर येत नाही. पाणी दिल्यावर माती चोपून बसते का ते बघा.

नुसतं सांडपाण्यातलं नत्र असतं तर उलटं चित्र दिसलं असतं, माठ-चंदनबटव्यासारखं उंच खादाड तण माजून बाकीच्यांवर सावली पडली असती. इंग्लंडात रॉथॅमस्टेडला ब्रॉडबाल्क म्हणून गव्हाचं शेत आहे, १८४३ पासून प्रयोग चालू, तिथं तणनाशक न मारलेल्या भागातसुद्धा नत्र वाढेल तशा तणाच्या जाती कमी होत गेल्यात. पण तुमचा तर माठच गायब आहे.

बांधकरी:
बरं, मानलं. पण कारखान्याचं पाणी म्हणजे जड धातू पण असणार ना? ते तणावरून कळतं का?

माती_वेडी:
थेट नाही कळत. काळी कामोणी मातीतलं कॅडमियम (विषारी जड धातू) पानात भरपूर साठवते हे सिद्ध झालंय, पण ती चांगल्या मातीतही बिनदिक्कत उगवते, त्यामुळे ती दिसली म्हणजे कॅडमियम आहे असं म्हणणं चूक. मी आलेल्यापेक्षा गेलेल्या तणाकडे जास्त बघते, त्यात रानमूग, कारण द्विदल म्हणून त्याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी असतात. इंग्लंडातच वोबर्नला १९४२ ते १९६१ सांडपाण्याचा गाळ टाकला होता, तो थांबवून वीस-एक वर्षं झाल्यावरही पांढऱ्या क्लोव्हरच्या (हेही द्विदलच) गाठी नत्र धरत नव्हत्या, धातूंमुळे कामाचं रायझोबियमच (गाठीत राहून नत्र धरणारे जिवाणू) उरलं नव्हतं. खालच्या पट्ट्यात एखादा रानमूग सापडला तर हळूच उपटून गाठ नखानं फोडा, आत गुलाबी असेल तर चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर शंका घ्यायला जागा आहे. तेवढ्यावरून धातूच, असं मात्र म्हणू नका.

कोरडवाहू_मन:
मग तपासायला काय काय सांगू?

माती_वेडी:
वरच्या आणि खालच्या तुकड्याची माती वेगवेगळी द्या, मिसळू नका, नाहीतर सगळा खेळ वाया. ईसी (विद्युत वाहकता, यावरून क्षार कळतात), सामू (पीएच), सोडियमचं प्रमाण आणि पिकाला मिळू शकणारे धातू. ईसी मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली (मातीच्या संपृक्त अर्कात, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यात मोजलेली, जास्त पाणी घालून कालवलेल्या मातीतली नव्हे) तर जमीन खारवट धरतात. सामू कमी असेल तर कॅडमियम, जस्त जास्त सुटतात, म्हणून तो आकडा बाजूला ठेवू नका.

आणि घरी एक करून बघा, मला हे रिपोर्टइतकंच आवडतं. दोन्ही तुकड्यांतली पृष्ठभागाची माती प्रत्येकी दोन ट्रेमध्ये पसरा, ट्रेला खाली भोकं हवीत. खालच्या मातीच्या एका ट्रेमधून आधी भरपूर चांगलं पाणी निथळू द्या, दुसरा तसाच ठेवा, मग सगळ्यांना विहिरीचं पाणी देत राहा. धुतलेल्या ट्रेमध्ये केना-कुर्डू उगवलं आणि न धुतलेल्यात नाही, तर बी मातीत अजून जिवंत आहे, क्षार त्याला अडवतायत. दोन्हीत काहीच नाही आलं तर घाई करू नका, काही बियांची झोप मोडायला ऋतू जावा लागतो.

बांधकरी:
तोवर त्या पट्ट्यातली घोळ खायला काढू नका राव, ढोरांना पण घालू नका. रिपोर्ट येईपर्यंत तरी.

कोरडवाहू_मन:
ट्रे आज भरतो. रानमूग एकच सापडला, बांधाच्या कडेला. उपटून बघितला, गाठीच नाहीत त्याला.