टीकिंटरची विंडो हँग होते, सुरुवातीला दाबलेलं बटण चालत नाही (आर्डुइनो ऊनो, ४ रिले)

तापीकाठ, रावेर
राम राम मंडळी. केळीच्या ठिबकचे चार सोलेनॉइड वॉल्व्ह (२४ व्होल्ट एसी) ऊनो बोर्ड आणि ४ चॅनल रिले मॉड्यूलवर (रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच) चालवायचे आहेत. लॅपटॉपवर पायथन, टीकिंटर (विंडो-बटणं बनवायची लायब्ररी) आणि पायसिरियल (सिरियल पोर्टवर बोलायची लायब्ररी). प्रोग्राम सुरू करून लगेच बटण दाबलं तर काहीच होत नाही, थोड्या वेळाने दाबलं की चालतं. प्रेशरचं रीडिंग घ्यायला व्हाइल लूप टाकला की विंडो गोठते. आणि बोर्ड सुरू होताना चारही रिले एकदम खट्कन ओढतात. चुकतंय कुठे?

साक्री रोड, धुळे
पोर्ट उघडला की डीटीआर या सिरियलच्या इशारा-लाइनमुळे ऊनो रिसेट होतो. बूटलोडर (बोर्ड सुरू करणारा छोटा प्रोग्राम) दीड-दोन सेकंद घेतो, त्या वेळात पाठवलेली कमांड वाया जाते. नुसता २ सेकंदांचा स्लीप टाकू नका. सेटअपच्या (बोर्डच्या प्रोग्रामचा सुरुवातीला एकदाच चालणारा भाग) शेवटी बोर्डकडून 'तयार' असा संदेश पाठवा आणि तो येईपर्यंत चारही बटणं डिसेबल ठेवा.

विंडो गोठते कारण मेनलूप (टीकिंटरची विंडो जिवंत ठेवणारा लूप) तुमच्या व्हाइलमधून सुटतच नाही. व्हाइल काढा. पोर्टचा टाइमआउट ० ठेवा आणि टीकिंटरचं आफ्टर (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणारं) वापरून दर १०० मिलिसेकंदांनी आलेले बाइट उचला. इथे रीडलाइन वापरलं तर अर्धवट ओळ हाती येते, '२.४' ऐवजी नुसतं '२.'. म्हणून बाइट एका बफरमध्ये साठवा आणि न्यूलाइन दिसली तरच ओळ तोडून वापरा.

बटणाचा रंग क्लिकवर बदलू नका, बोर्डकडून 'वॉल्व्ह ३ चालू' असं उत्तर आल्यावरच बदला. नाहीतर स्क्रीनवर हिरवं आणि शेतात कोरडं. आणि आर्डुइनो आयडीईचा सिरियल मॉनिटर बंद आहे ना ते बघा, तो उघडा असेल तर पायथनला पोर्ट मिळणार नाही.

भुसावळकर
रिले मॉड्यूल लो-ट्रिगर आहे, म्हणजे पिन लो (० व्होल्ट) झाली की रिले ओढतो. पिन आउटपुट केली की ती आधी लो असते, म्हणून रिले ओढतो. सेटअपमध्ये आधी डिजिटलराइट हाय, मग पिनमोड आउटपुट. क्रम एवढाच उलटा.

चार रिले मिळून ३०० मिलिअँपिअरच्या आसपास घेतात, तो भार यूएसबीवर नको. जेडी-व्हीसीसीचा (रिले कॉइलला वीज देणारी पिन) जंपर काढून तिथे वेगळा ५ व्होल्ट १ अँपिअर अडॅप्टर द्या. वॉल्व्ह बंद होताना यूएसबी तुटत असेल तर वॉल्व्हच्या कॉइलला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (बंद होतानाचा झटका शोषणारी जोडी) लावा, कपॅसिटर एक्स२ प्रतीचाच. डायोड मात्र लावू नका. एसीवर तो अर्ध्या सायकलला शॉर्ट होतो.

तापीकाठ, रावेर
खूप आभार. लॅपटॉप घरात, बोर्ड पंपघरात, मधे ७० मीटर. यूएसबीची लांब वायर टाकू का?

साक्री रोड, धुळे
नाही, यूएसबीला ५ मीटरच्या पुढे भरवसा नाही. आरएस-४८५ (लांब वायरीवर सिरियल पाठवायची पद्धत) करा. लॅपटॉपला यूएसबी कन्व्हर्टर, बोर्डला मॅक्स४८५ मॉड्यूल, मधे पीळ दिलेली जोडवायर, दोन्ही टोकांना १२० ओहम (बऱ्याच मॉड्यूलवर तो आधीच असतो). पिन ०-१ यूएसबीसाठी सोडा, १० आणि ११ वर सॉफ्टवेअरसिरियल (इतर पिनांवर सिरियल चालवणारी लायब्ररी) ९६०० बॉडने चालवा. आता प्रोग्राम उघडल्यावर बोर्ड रिसेट होणार नाही, म्हणजे 'तयार' हा संदेशही येणार नाही. म्हणून सुरुवातीला लॅपटॉपनेच स्थिती विचारायची.

भुसावळकर
घरातली लाइट गेली, लॅपटॉप झोपला, तर वॉल्व्ह उघडेच राहतील. लॅपटॉपकडून दर २ सेकंदांनी एक खूण पाठवा. १० सेकंद ती आली नाही तर बोर्डने स्वतः बंद करायचं, तेही डीले (प्रोग्राम थांबवून ठेवणारं) न वापरता मिलिसने (बोर्डचं मिलिसेकंदांचं घड्याळ) मोजून. पण भाऊ, क्रम सांभाळा: आधी मोटारीचा कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा मोठा स्विच) सोडा, ५ सेकंद जाऊ द्या, मगच वॉल्व्ह. चालू मोटारीवर चारही वॉल्व्ह मिटले तर जॉइंट निखळतात. पाळी बदलतानाही तेच, पुढचा वॉल्व्ह उघडल्यावरच मागचा बंद.