लूप विकत घेण्याआधी तांदळाची डबी हलवून बघा

विकतचे पर्कशन लूप (तालवाद्यांचे पुन्हापुन्हा वाजणारे तयार तुकडे) हाउस या डान्स म्युझिकच्या बीटवर मशीनसारखे वाटतात, अशी तक्रार असते. माझ्या मते दोष सॅम्पलचा, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा नसतो, सगळे ठोके एकाच जोराचे पडतात तिथे घोळ होतो. मी डबीत मूठभर तांदूळ घालून १२४ बीपीएमच्या (मिनिटाला १२४ ठोके) क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, सलग चार मिनिटं वाजवतो, रेकॉर्डिंग मोबाइलवरच. पहिलं मिनिट बेकार जातं; हात सैल पडला की खरी मजा. त्यातले आठ बार (तालाची आवर्तनं) कापायचे, ३०० हर्ट्झखालचा जड आवाज उडवायचा. क्वांटाइझ (सॉफ्टवेअरने ठोके अचूक तालात बसवणं) शक्यतो नाहीच, फार तर ५० टक्के. गणपतीच्या आधी मात्र संध्याकाळी रेकॉर्ड करू नका. नदीपात्रातला ढोल-ताशाचा सराव खिडकीतून ट्रॅकमध्ये घुसतो. माझ्याकडे घुसलेला एक ताशा मी ट्रॅकच्या लयीला जुळेल असा ताणून तसाच ठेवलाय, विकतच्या कोंगा ड्रमच्या लूपपेक्षा भारी वाजतो!