बॅनर लावला, तरी कुकी आधीच पडतात
केळी वेफर्सच्या ऑनलाइन दुकानात कुकीची (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) संमती विचारणाऱ्या बॅनरवर 'नाकारा' दाबूनही पिक्सेल, म्हणजे गिऱ्हाइकाचा माग ठेवणारा कोड, का चालतो, असं यावलच्या भाऊंनी विचारलंय. बहुतेक वेळा पिक्सेलचा कोड थीमच्या हेडरमध्ये थेट चिकटवलेला असतो. तिथं संमतीच्या प्लगइनचा (बॅनर दाखवणारा जोडप्रोग्राम) हात बरेचदा पोचत नाही. तो काढून प्लगइनमधूनच चालवा. मग कॅशे (साइटच्या साठवलेल्या जुन्या प्रती) रिकामा करा, हे हमखास राहतं. इन्कॉग्निटोत साइट उघडा, एफ१२, ॲप्लिकेशन, कुकीज: बॅनरवर काहीही न दाबता फेसबुकची '_एफबीपी' (_fbp) किंवा गूगल ॲनालिटिक्सची '_जीए' (_ga) कुकी दिसली तर गळती तशीच आहे. कार्ट-लॉगिनच्या कुकीज मात्र अडवू नका, भरलेली कार्ट रिकामी होईल. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं, म्हणून फूटरमध्ये 'कुकी सेटिंग'ची लिंक ठेवा. आणि बॅनर मराठीतही द्या. भुसावळच्या गिऱ्हाइकाला नुसत्या इंग्रजीचा काय उपयोग?