टीवाय1 चा लॅरिअट ‘सिद्ध’ कधी झाला?

किण्वक
टीवाय1 म्हणजे यीस्टच्या जीनोममधला रेट्रोट्रान्सपोझॉन: आपल्या आरएनएवरून डीएनए-प्रत (सीडीएनए) बनवून नव्या जागी घुसणारा घटक. लॅरिअट म्हणजे एक टोक मधेच 2’-5’ फाट्याने जोडलं जाऊन झालेला आरएनएचा फास. काल इथे एकाने ठामपणे लिहिलं: ‘यीस्टमधल्या टीवाय1 चा आरएनए लॅरिअट होतो, डीबीआर1 एन्झाइम त्याचा फाटा सोडवतं आणि मगच सीडीएनए पूर्ण होतो. हे सिद्ध आहे.’ कुठे सिद्ध झालं? 2004 साली चेंग आणि मेनीस यांनी ‘सायन्स’मध्ये ते मांडलं. 2005 मध्ये कूम्ब्ज आणि बोएके यांना शोधूनही तो लॅरिअट मिळाला नाही. 2007 मध्ये प्रॅटिको आणि सिल्व्हरमन यांनी तसा 2’-5’ फाटा असलेला आरएनए तयार करून टीवाय1 च्याच रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजला, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या एन्झाइमला, दिला. ते फाटा ओलांडून पुढे गेलं नाही. विद्यार्थ्यांना अर्धीच गोष्ट सांगू नका.

गॅलॅक्टोज
काल लिहिणारा मीच. डीबीआर1 काढलं की ट्रान्सपोझिशन, म्हणजे प्रत नव्या जागी घुसणं, साधारण पाच ते दहा पट घटतं, हे 1991 पासून माहीत आहे. आरएनए असतो, प्रथिनं असतात, सीडीएनए मात्र कमी पडतो. फाटा नसेल तर हे एन्झाइम तिथे करतं काय, ते सांगा!

किण्वक
घट खरी आहे, ती कोण नाकारतंय? पण घटीवरून फाटा सिद्ध होत नाही. आरटी-पीसीआरचा, म्हणजे आरएनएची डीएनए-प्रत करून ती वाढवण्याच्या पद्धतीचा, पुरावा बघा. लॅरिअट वाचला तर 5’ टोकाच्या आर भागापुढे थेट यू3, म्हणजे एरवी 3’ टोकाजवळ असणारा भाग, येतो. पहिल्या स्ट्रँड ट्रान्सफरनंतर, म्हणजे एन्झाइमने एका आर वरून दुसऱ्या आर वर उडी मारली की, नेमका हाच क्रम मिळतो. आर 56 न्यूक्लिओटाइडचा आहे आणि दोन्ही टोकांना सारखाच, त्यामुळे परीक्षानळीतही ही उडी सहज पडते.

वीस_अंश
त्याआधी कोणी सांगेल का, हे पाच ते दहा पट कुठल्या तापमानाचे? टीवाय1 20 अंशांच्या आसपास जोमात असतो. 34 अंशांवर त्याचं प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) नीट काम करत नाही, गॅग आणि पोल या त्याच्या प्रथिनांचे तुकडे पडत नाहीत. तरी लोक सवयीने 30 अंशांवर कल्चर लावतात आणि म्युटंटची तुलना करतात.

गॅलॅक्टोज
विषय भलतीकडे नेऊ नका.

वीस_अंश
भलतीकडे कसा? मोजणीच चुकली तर वाद कशावर घालायचा? his3AI मार्कर, म्हणजे ट्रान्सपोझिशन झाल्यावरच पेशीला हिस्टिडीनशिवाय वाढू देणारं जनुक, वापरताय ना? मग कल्चर 20 अंशांवर वाढवा आणि हिस्टिडीन नसलेल्या प्लेटवर पसरल्यावरच 30 अंशांवर ठेवा. गॅलॅक्टोजने चालू होणारा गॅल1 प्रमोटर असेल तर आधी रॅफिनोज, मग 2 टक्के गॅलॅक्टोज. ग्लुकोजचा अंश राहिला तरी प्रमोटर दबतो. शिवाय प्रत्येक हिस्टिडीन-पॉझिटिव्ह कॉलनी नव्या जागी घुसलेल्या प्रतीची नसते. सीडीएनए जुन्या टीवाय1 शी रिकॉम्बाइन होऊनही मार्कर जीनोममध्ये जातो. नुसत्या कॉलन्या मोजून ‘इंटिग्रेशन’ लिहिणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. सदर्न ब्लॉट, म्हणजे मार्कर डीएनएत कुठे बसला ते दाखवणारी चाचणी, तरी करा.

सूडोनॉट
आणि टोकं जवळ आणायला फाटाच कशाला हवा? 5’ टोकाचे पहिले सात न्यूक्लिओटाइड गॅगच्या भागाशी जुळून सूडोनॉट, म्हणजे आरएनएची गाठीसारखी घडी, बनतो. सीवायसी5 आणि सीवायसी3 हे 14 न्यूक्लिओटाइडचे पूरक तुकडे दोन टोकांना बांधतात. त्यात टीआरएनए-आय-मेट हा प्रायमर, म्हणजे सीडीएनएची सुरुवात करून देणारा आरएनए. हे सगळं नेहमीच्या बेस-पेअरिंगने होतं, डीबीआर1 ची गरज नाही.

गॅलॅक्टोज
बरं, ‘सिद्ध’ हा शब्द काढतो. पण डीबीआर1 चा परिणाम तुमच्या सूडोनॉटनेही उलगडत नाही, हे मान्य करा.

सूडोनॉट
तेवढं मान्य. तो प्रश्न उघडा आहे.

किण्वक
मग फाटा शोधणाऱ्याने दोन कंट्रोल लावावेत. एक: 5’ आणि 3’ अर्धे वेगवेगळे ट्रान्स्क्राइब करून रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शनच्या आधी एकत्र मिसळा, तरीही जोड दिसला तर ती उडी आहे. एन्झाइम आरनेज-एच नसलेलं घ्या, उड्या कमी पडतात. दोन: आरएनएचा एक भाग शुद्ध डीबीआर1 ने हाताळा आणि सोबत इंट्रॉनचा (आरएनएतून कापून काढल्या जाणाऱ्या तुकड्याचा) ओळखीचा लॅरिअट ठेवा. इंट्रॉनचा बँड गेला आणि टीवाय1 चा तसाच राहिला, तर तो फाट्यामुळे आलेला नाही.